परतीची वायर

मला एका जागी बसवत नाही. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. बत्तीस वर्षं मी एसटीच्या ठाण्यातल्या खोपट डेपोत इलेक्ट्रिशियन होतो आणि तिथे ही खोड गुण म्हणून खपली. एका गाडीचा सेल्फ-स्टार्टर उघडून ठेवायचा, तोवर दुसरीचे इंडिकेटर बघून यायचे, जाता जाता तिसरीच्या ड्रायव्हरला दोन शब्द सुनवायचे. साहेब म्हणायचे, धोंडीबा एकटा तिघांचं काम करतो. घरी शेवंती म्हणायची, तुमच्या पायाला भिंगरी आहे, जेवताना तरी मांडी मोडू नका. शेवंतीला जाऊन आठ महिने झाले. आता तसं म्हणणारं कोणी राहिलं नाही, पण भिंगरी काही थांबलेली नाही.

माझा मुलगा संदेश आणि सून ऐश्वर्या ठाण्याला राहतात. त्या सोमवारी दोघं रजा टाकून कल्याणजवळ मोहन्याला माझ्या घरी आले, तेव्हाच मी ओळखलं की आपली तक्रार गेलेली आहे. तक्रार शेजारच्या हौसाबाईंनी केली होती, आणि खोटं कशाला बोलू, त्यांचं काही चुकलं नव्हतं. आदल्या आठवड्यात मी शेगडीवर दूध ठेवलं आणि कोपऱ्यावर पेपर आणायला गेलो. तिथे वाण्याशी जरा वाजलं, त्यात वेळ गेला. इकडे दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि गॅस घरभर झाला. हौसाबाईंना वास आला म्हणून त्यांनी दार ढकललं तर ते सताड उघडं. तो दुसरा गुन्हा. तिसरा त्याच्याही आधीचा. पाण्याची मोटर चालू करून मी कल्याणला निघून गेलो होतो, आणि गच्चीवरचं पाणी वाहून हौसाबाईंच्या पापडांवर गेलं. शंभर-दीडशे पापड होते. त्या बाईने तरीही मला शिवी दिली नाही, याचंच मला जास्त लागलं.

संदेशने सगळं ठरवून आणलं होतं. येत्या रविवारी टेम्पो येणार, माझा पलंग आणि कपाट ठाण्याला जाणार, घराला कुलूप. शिवाय विस्मरणाच्या डॉक्टरची वेळ घेतलेली. तो हे सगळं हळू आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं सांगत होता. त्यामुळे माझं डोकं आणखी फिरलं. मी म्हणालो की मी काही विसरत नाही. तो म्हणाला, बाबा, तीन वेळा झालंय.

मला हे घर सोडायचं नव्हतं. ठाण्याबद्दल माझं काही वाकडं नाही, ऐश्वर्याबद्दल तर नाहीच. पण त्यांचं घर चौदाव्या मजल्यावर. खाली उतरायचं तर लिफ्टची वाट बघायची, आणि खाली उतरून करायचं काय, तर बाकावर बसायचं. माझ्यासारख्याने बाकावर बसायचं. आणि दुसरं म्हणजे, मोहन्याच्या या घरात कुठलाही डबा उघडला तरी आत काय असणार हे मला ठाऊक असतं, कारण तो शेवंतीने ठेवलेला आहे. डब्यातली हळद संपली तरी मी डबा हलवलेला नाही.

खरी गोष्ट अजून सांगितली नाही. मी घाबरलो होतो. माझा थोरला भाऊ गावी होता, त्याचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा सापडेना, मग घराची वाट. शेवटच्या वर्षी मी भेटायला गेलो की तो मला तलाठी समजायचा आणि उभा राहून नमस्कार करायचा. तेव्हा संदेशसमोर मी कितीही आवाज चढवला तरी आत एकच विचार होता, आपलंही सुरू झालं का.

त्या झटक्यातच माझी नजर माळ्यावर गेली. माळ्यावर संदेशचा रणगाडा होता.

रणगाडा म्हणजे खेळणंच, पण पोरांचं नव्हे. हातभर लांब, खालची बॉडी सगळी धातूची, रिमोटवर चालणारा. वरचा बुरूज गोल फिरतो, तोफ वरखाली होते. तीन वर्षांपूर्वी संदेशने हौसेने मागवला, जोडला, चालवला. मग त्याला दिवे बसवायचे म्हणून पत्त्याच्या पानाएवढं एक सर्किट आणि दिव्यांची पुडी आणली. दोन रविवार त्याच्याशी झटापट केली आणि वैतागून सगळं आमच्या माळ्यावर टाकलं, कारण ठाण्याच्या घरात ऐश्वर्या त्याला जागा देईना.

मी म्हणालो, "त्या रणगाड्याचे दिवे तुला जमले नव्हते. मी लावतो. रविवारी तू येशील तेव्हा एकूण एक दिवा तू सांगशील तसा लागला, तर टेम्पो रिकामा परत न्यायचा."

"आणि नाही लागला तर?"

"तर तुझ्या डॉक्टरकडे येतो, आणि चौदाव्या मजल्यावर गप बसतो."

संदेशला हे पटलं असं नाही, पण माझ्याशी भांडून तो थकला होता. शिवाय दिवे लागणार नाहीत याची त्याला खात्री असावी. त्याने फोनवर मला यादी पाठवली. पुढचे दोन दिवे रिमोटच्या बटणावर लागले आणि विझले पाहिजेत. मागचे लाल दिवे रणगाडा थांबला की लागावेत. तोफ डागली की तोफेच्या तोंडाशी लखकन उजेड व्हावा. आणि बुरूज फिरत असेल तेवढाच वेळ वरचा पिवळा दिवा मिचमिचावा. ऐश्वर्या या सगळ्यात पडली नाही. ती ओट्यापाशी उभी राहून शेगडीकडे बघत होती. जाताना तिने गॅसचं बटण एकदा चाचपून पाहिलं, ते मला दिसलं.

मंगळवारी कल्याणला जाऊन बारीक वायर, सोल्डर आणि नवी बॅटरी आणली. दुकानदाराने विचारलं, काका, नातवासाठी का. मी म्हणालो, स्वतःसाठी. बुधवारी सकाळी जमिनीवर पेपर पसरून बसलो आणि खरं सांगतो, फार दिवसांनी बरं वाटलं. सोल्डरचा तो वास नाकात गेला आणि हात आपले आपण चालायला लागले.

आमची डेपोतली पद्धत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बसच्या मागच्या दिव्यापर्यंत एकच वायर जाते. करंट त्या वायरीने जातो, दिवा लावतो आणि परत येतो तो गाडीच्या पत्र्यातून. परतीसाठी वेगळी वायर कोणी ओढत नाही. बॅटरीचं एक टोक बॉडीला कसून बांधलेलं असतं, दिव्याचं दुसरं टोक जवळच्या स्क्रूखाली दाबायचं, झालं काम. अख्खी गाडी हीच परतीची वायर. बत्तीस वर्षं मी तेच केलं, हजारो दिवे लावले, आणि तो पत्रा माझ्या मनात कधी आला नाही.

रणगाड्याची बॉडीही धातूचीच. मग मी दुसरं काय करणार. सर्किटला सहा पॉइंट होते आणि प्रत्येक पॉइंटातून एक लाल, एक काळी अशा दोन वायरी निघाल्या होत्या. लाल वायर मी दिव्याला जोडली, दिव्याचं दुसरं टोक स्क्रूखाली दाबलं, बॅटरीचं काळं टोक बॉडीला दिलं. पॉइंटांच्या काळ्या वायरी छाटून, टेप मारून आत कोंबल्या. एवढ्या वायरी कशाला घालतात, यांच्याकडे तांबं जास्त झालंय वाटतं, असं मनाशी म्हणालो. काम इतकं नेटकं झालं होतं की मीच थोडा वेळ बघत बसलो.

बॅटरी लावली आणि सगळे दिवे एकदम लागले. पुढचे, मागचे, तोफेचा, बुरजाचा, सगळे. रिमोटचं कुठलंही बटण दाबा, दिवे आपले लागलेलेच.

आधी मी घाबरलो नाही. सर्किटला अजून शिकवलेलं नाही, असं वाटलं. कारण त्याच्यासोबतच्या पुस्तिकेत तसंच लिहिलं होतं. कुठला पॉइंट कुठल्या बटणावर चालायचा, सतत लागायचा का मिचमिचायचा, हे सर्किटला शिकवावं लागतं. रिमोटची डावी दांडी वर धरून बॅटरी लावायची. मग सर्किटवरचा हिरवा ठिपका मिचमिचतो. एकदा मिचमिचला की पहिला पॉइंट, दोनदा की दुसरा. पाहिजे तो पॉइंट आला की दांडी सोडायची, मग उजव्या दांडीने त्याचं काम सांगायचं, पुन्हा ठिपके मोजायचे. दोन म्हणजे बटणावर, तीन म्हणजे थांबल्यावर, पाच म्हणजे तोफेबरोबर. असं एकेकाला शिकवायचं. पुस्तिका इंग्रजीत होती. डिक्शनरी आणि चष्मा घेऊन मी तिच्यातली ओळ न् ओळ लावली.

बुधवारी संध्याकाळपर्यंत मी सहाही पॉइंटांना शिकवलं. बॅटरी काढली, पुन्हा लावली. सगळे दिवे एकदम लागले.

गुरुवारी पुन्हा सगळं केलं. ठिपका माझं ऐकत होता, त्याची काही तक्रार नव्हती. दोन म्हटलं की दोन, पाच म्हटलं की पाच. पण दिवे मात्र माझ्याकडे बघायलाच तयार नव्हते. म्हणजे चूक माझ्या मोजण्यात होती. मोजता मोजता मी उठायचो, हे मला माहीत होतं. तीन ठिपके झाले की दाराशी जाऊन यायचो, आणि मग मघाशी तीन झाले की चार, हे आठवायचं नाही. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने रेघा मारायला लागलो. दर ठिपक्याला एक रेघ. शुक्रवारपर्यंत त्या महिन्याची एकही तारीख वाचता येईना, आणि दिवे तसेच.

शुक्रवारी दुपारी संदेशचा फोन आला. कुठवर आलं, असं त्याने विचारलं. होतंय, म्हणालो. त्याने जास्त विचारलं नाही. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद असता तर मला राग तरी आला असता. पण तो नुसता काळजीत होता. फोन ठेवला आणि मी घरभर फिरलो. ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून मोरीपर्यंत. हौसाबाई दारातून डोकावून गेल्या. थोरल्या भावाचा तो नमस्कार सारखा डोळ्यांपुढे येत होता. सहापर्यंत मोजता येत नाही, म्हणजे झालंच की. पाच वाजता मी पलंगाखालची बॅग ओढली आणि दोन शर्ट आत टाकले. तिसरा टाकवला नाही. त्याचं बटण शेवंतीने वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेलं होतं. तो शर्ट घेऊन पलंगावर बसलो, आणि पाच मिनिटांत पुन्हा उठलो.

शनिवारी सकाळी रणगाडा पिशवीत घालून मी ठाण्याला निघालो. संदेशकडे नाही, रामाकडे. रामा माझा डेपोतला जोडीदार. दहा वर्षं माझ्या हाताखाली होता. मग नोकरी सोडून त्याने खोपटलाच, मागच्या गल्लीत, स्वतःचं गॅरेज टाकलं. चार माणसांत विचारायची लाज वाटत होती, पण रामा मला हसला नसता. निदान तोंडावर तरी.

गॅरेजच्या गल्लीत शिरलो आणि कानठळ्या बसल्या. लग्नाच्या वऱ्हाडाची एक खाजगी बस उभी होती आणि तिचा हॉर्न अखंड वाजत होता. ड्रायव्हर कानावर हात ठेवून उभा, समोरच्या बाल्कनीतून एक बाई खाली बघून काहीतरी ओरडत होती. रामा बॉनेटमध्ये डोकं घालून हॉर्नची वायर शोधत होता.

मी लांबूनच ओरडलो, "बॉनेट बंद कर. स्टिअरिंगखाली बघ. बटणाची वायर घासून बॉडीला लागली असणार."

रामाने माझ्याकडे पाहिलं, हात पुसले आणि स्टिअरिंगखाली वाकला. दोन मिनिटांत हॉर्न थांबला. वायर मी म्हणालो तिथेच घासली होती. ड्रायव्हर माझ्या पाया पडायचा तेवढा राहिला. रामा त्याला अभिमानाने सांगायला लागला की हे आमचे धोंडीबा मास्तर, नुसतं ऐकून फॉल्ट सांगतात.

आणि मी तिथे पिशवी धरून दगडासारखा उभा राहिलो. कारण बोलून झाल्यावर माझं बोलणं मलाच ऐकू आलं होतं.

हॉर्नला सप्लाय कायम असतो. जुन्या गाड्यांत त्याचं बटण सप्लायवर नसतं, परतीवर असतं. बटण दाबलं की परतीचा रस्ता जुळतो आणि हॉर्न वाजतो. तीच वायर घासून बॉडीला लागली की परतीचा रस्ता कायमचा जुळला, मग बटणाला कोण विचारतो. हॉर्न आपला वाजतच राहणार. माझ्या पिशवीत हेच होतं. त्या सर्किटचं बटण लाल वायरीवर नव्हतंच, काळीवर होतं. प्रत्येक दिव्याची परतीची वायर वेगळी, आणि कोणाला कधी परतीचा रस्ता द्यायचा ते सर्किट ठरवणार. मी त्या सगळ्या काळ्या वायरी छाटल्या आणि सहाही दिव्यांना बॉडीवरून फुकटचा परतीचा रस्ता देऊन टाकला. ते सर्किट बिचारं सगळं शिकलं होतं. त्याच्या हातात काही ठेवलंच नव्हतं मी.

रामाने चहा मागवला होता. तो येण्याआधीच मी स्टेशनकडे सुटलो.

घरी येऊन टेप सोडला, छाटलेल्या काळ्या वायरींना जोड दिले, एकेका दिव्याचं टोक स्क्रूखालून काढून त्याच्या त्याच्या काळ्या वायरीला लावलं. तीन वाजले असतील. बॅटरी लावली आणि एकही दिवा लागला नाही. मी आनंदाने मांडीवर थाप मारली. अंधार बघून एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. मग बटण दाबलं आणि पुढचे दोन दिवे लागले. पुन्हा दाबलं, विझले. जमिनीवर थोडा चालवला, थांबवला, मागे लाल उजेड पडला. बुरूज फिरवला, पिवळा दिवा मिचमिचला. तोफ डागली, लखकन झालं. नव्याने काही शिकवावं लागलं नाही. शुक्रवारपर्यंत मी जे जे शिकवलं होतं ते सगळं आत होतं. माझा एकही ठिपका चुकला नव्हता.

डोकं शाबूत होतं. मी उठून घरात दोन फेऱ्या मारल्या आणि चहा करावा म्हणून दूध ठेवलं. मग रणगाडा घेऊन अंगणात गेलो. फरशीवर ठेवून पळवला, पायरीवर चढवला, पुन्हा पुन्हा थांबवून लाल दिवे बघितले. हौसाबाई बाहेर आल्या, त्यांनाही तोफ डागून दाखवली. किती वेळ गेला कोण जाणे. त्यांनीच नाकाने वास घेतला आणि माझ्या घराकडे बोट केलं.

दूध उतू गेलं होतं. शेगडी विझली होती. मी धावत जाऊन बटण फिरवलं, खिडक्या उघडल्या, आणि ओट्याला धरून उभा राहिलो. आत्ता तासाभरापूर्वी माझं डोकं शाबूत होतं.

तिथे उभा असताना मला प्रश्न पडला की पूर्वी दूध का उतू जात नव्हतं. अडतीस वर्षं संसार झाला. घरी असलो की दुपारचा चहा मीच टाकायचो. दूध ठेवायचो, "ठेवलंय गं" म्हणायचो आणि बाहेर जायचो. परत यायचो तेव्हा शेगडी बंद असायची. मोटर मीच चालू करायचो, आणि पाणी कधी वाहिलं नाही. दार ओढून घ्यायची सवय मला कधीच नव्हती, आणि आमचं दार कधी उघडं राहिलं नाही. मी गॅस बंद करायला विसरलो नव्हतो. विसरायला तो आधी कधीतरी बंद करावा लागतो. मी माझ्या जन्मात एकदाही केला नव्हता. चालू करायचं काम माझं होतं, आणि बंद करायचं काम असतं हेच मला माहीत नव्हतं. ती माझ्या मागून फिरायची, एकेक बटण बंद करत, आणि एका शब्दाने कधी बोलली नाही. की बोलली असेल, मी तोवर दाराबाहेर गेलेलो असेन.

मी ओट्यापाशी उभा राहून रडलो. ती गेली तेव्हा इतका रडलो नव्हतो. तेव्हा लोकांची व्यवस्था बघत पळत होतो.

रविवारी सकाळी दोघं आले. खाली रस्त्यावर टेम्पो उभा होता, त्याचा ड्रायव्हर बिडी ओढत होता. मी रणगाडा अंगणात ठेवला आणि रिमोट संदेशच्या हातात दिला. त्याने यादीतली एकेक गोष्ट करून पाहिली. लाल दिवे लागले तेव्हा तो उकिडवा बसला, आणि तोफ डागली तेव्हा आठवीतल्यासारखा हसला. काय चुकत होतं ते त्याने विचारलं, मी सांगितलं, बॉडीचं, काळ्या वायरींचं, हॉर्नचं. तो ऐकत राहिला. त्याचीही तीच चूक झाली होती, कारण वायरिंग तो माझ्याच हाताखाली शिकलेला. मग उठून तो टेम्पोवाल्याकडे निघाला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही जिंकलात. राहा इथे. मी पुन्हा विषय काढणार नाही."

मी गप्प राहू शकत होतो. हौसाबाईंनी आदल्या दिवसाचं अजून कोणाला सांगितलं नव्हतं. पण मला ते जमेना. मी त्याला हाक मारून थांबवलं आणि कालचं दूध सांगितलं. अडतीस वर्षांचंही सांगितलं, जमेल तसं, अडखळत. संदेशचा चेहरा उतरला. म्हणजे कालसुद्धा झालं, एवढंच तो म्हणाला, आणि टेम्पोकडे बघायला लागला.

ऐश्वर्या पायरीवर बसली होती. ती माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे बघून बोलली.

"संदेश, आपल्याकडे दूध कोण बंद करतं?"

तो म्हणाला, काय संबंध.

"तू ठेवतोस आणि फोन घेऊन गॅलरीत जातोस. गीझर लावतोस आणि झोपतोस. आईंनी मला लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी सांगितलेलं, याच्या मागे बघत जा, हा बापावर गेलाय. तेव्हापासून बघतेय. मग तुझ्यासाठी पण घेऊ का डॉक्टरची वेळ?"

संदेशने हातातला रिमोट उलटसुलट केला. शेवंतीने हे सुनेला सांगितलं होतं आणि मला नाही, यावर मी विचार करत होतो. मला सांगून उपयोग नाही हे तिला माहीत असणार.

ऐश्वर्याने उठून संदेशच्या हातातला रिमोट काढून घेतला. म्हणाली, "बाबा, चहा ठेवा. तुम्ही दोघं मिळून ठेवा. मी हा चालवून बघते."

संदेशने टेम्पोवाल्याला हात करून रिकामा टेम्पो परत पाठवला, आणि आम्ही दोघं आत गेलो. मी पातेलं ठेवलं, गॅस लावला. संदेशचा हात सवयीने खिशाकडे गेला, मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, त्याने हात बाहेर काढला. मग आम्ही बापलेक शेगडीसमोर उभे राहिलो. अर्धा लिटर दूध तापायला किती वेळ लागतो हे मला त्या दिवशी कळलं. पाय शिवशिवत होते. बाहेर रणगाड्याच्या पट्ट्यांचा खरखराट ऐकू येत होता, मग ऐश्वर्याचं हसणं, हौसाबाईंचा आवाज, तोफेचा धडाका. तेवढ्यात ऐश्वर्याने बाहेरून हाक मारली. बाबा, या लवकर, लाल दिवे बघा, उतारावर किती छान दिसतायत.

मला जायचं होतं. देवाशप्पथ जायचं होतं.

"थांब," मी आतूनच ऐश्वर्याला म्हणालो, "दूध ठेवलंय."

दूध वर आलं. संदेश म्हणाला, "बाबा, आता," आणि मी बटण फिरवलं. मग खाली वाकून सिलिंडरचा रेग्युलेटरही बंद करायला गेलो. तो कुठल्या बाजूला फिरतो, ते मला संदेशला विचारावं लागलं. त्यालाही माहीत नव्हतं.